पासष्टची काच

दिराच्या वृद्धाश्रमाचे फोटो काढायला ती गेली ती सासूबाईंच्या शब्दाखातर. "घरात एवढी नावाजलेली फोटोग्राफर असताना त्याने बाहेरचा माणूस कशाला शोधायचा?" असं त्या पुन्हा पुन्हा म्हणायला लागल्या, तेव्हा तिला नाही म्हणवेना. इमारतींचे फोटो काढणं हा तिचा धंदा. त्यासाठी तिच्याकडे जुन्या धाटणीचा मोठा कॅमेरा होता. तिपाईवर उभा करायचा, पुढे घड्यांचा भाता, मागे दुधी काच, आणि डोक्यावर काळं कापड ओढून त्या काचेत चित्र बघायचं. ते उलटं दिसतं, छत खाली आणि जमीन वर. इतक्या वर्षांत तिला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

आश्रमाचं दार उघडलं आणि आधी वास आला. फिनेलचा, आणि फिनेलने जे झाकायचं होतं त्याचाही.

"या वहिनी, या!" दीर हात पसरून पुढे आला. "नमुन्याची एकच खोली काढायची. पुस्तिकेत तीच जाणार. पण दिसली पाहिजे हं अशी ऐसपैस!"

खोली कसली, पलंग आणि भिंत यांच्यामधून माणसाने अंग चोरून जायचं. खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडणारी. कोपऱ्यात ओल चढून रंगाचे पापुद्रे सुटलेले. पलंगावर एक निवृत्त पोस्टमास्तर बसले होते, तिथे सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांनी उठायचा प्रयत्न केला. तिने हातानेच त्यांना बसवलं.

तिने पेटी उघडली. रुंद दिसणाऱ्या तीन लेन्सेस होत्या: नव्वद, पंचाहत्तर आणि पासष्ट. आकडा जेवढा लहान, तेवढं जास्त काचेत मावतं. तिने नव्वद लावली. मागे सरायला जागा नव्हती, तिपाईचे दोन पाय बाहेर व्हरांड्यात गेले. पण चित्र खरं आलं. पलंग पलंगाएवढा, खोली खोलीएवढी.

दिराने कापडाखाली डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं. "हे काय? खुराडं दिसतंय."

"खुराडंच आहे, भाऊजी."

तो हसला. थट्टाच समजला तो. "ती सगळ्यात रुंद लावा ना."

"पासष्ट? ती मी जिन्यात वापरते, उभं राहायलाच जागा नसते तिथे. जवळचं फुगवते, लांबचं पार पळवते."

"मग पळवा की! आपल्याला तेच तर हवंय."

तिने लावली. भाता पार चेपला, काचेचे कोपरे अंधारले, आणि समोरची भिंत एकदम दूर गेली. खिडकी काडेपेटीएवढी झाली. दिराने टाळी वाजवली. "दिवाणखाना झाला की हो! फक्त हा पलंग फार दांडगा दिसतोय." मग तो व्हरांड्यात ओरडला, "अरे, तो लहान मुलाचा पलंग आणा आत! आणि मास्तरांना जरा बाहेर बसवा."

दोन सेवक आले. मास्तरांना दंडाला धरून उठवलं आणि व्हरांड्यातल्या स्टुलावर ठेवलं, त्यांचा पलंग उभा करून बाहेर काढला, आणि आत एवढासा पलंग आणून त्यावर फुलाफुलांची चादर अंथरली. हे सगळं होईपर्यंत मास्तरांचा पायजमा ओला झाला. पाणी स्टुलावरून फरशीवर ठिबकू लागलं. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"झालं यांचं सुरू," एक सेवक पुटपुटला.

दीर मात्र खुशीत होता. "फोटोत वास येत नाही, वहिनी. तुम्ही चालू ठेवा."

या माणसाच्या ताटाला ताट लावून आपण जेवतो, याची तिला शिसारी आली. तिने पासष्ट काढली आणि पेटीत ठेवली.

"मास्तरांना आधी कोरडे कपडे द्या. मग त्यांचा पलंग जिथे होता तिथे."

"वहिनी, अहो, छापखान्याला—"

"नाहीतर मी कॅमेरा बांधते."

कुरकुरत का होईना, झालं. मास्तर धुतलेल्या कपड्यांत पलंगावर येऊन बसले. त्यांनी हळूच विचारलं, "मीसुद्धा येणार फोटोत?"

"खोली तुमची आहे. येणारच."

"मग माझा चष्मा द्याल? त्यांनी कपाटावर फेकलाय."

तिने चष्मा काढला, पदराने पुसून दिला. पुन्हा नव्वद लावली. ओल, खिडकी, पापुद्रे, मास्तर, सगळं स्वच्छ घेतलं आणि निघाली.

फोटो बघून दिराने फोनवर आकाशपाताळ एक केलं. "म्हातारा काय, ओल काय! माझं वाटोळं करायला निघालात का?" मग त्याने कुणाकडून तरी मोबाइलवरच काम उरकून घेतलं.

पुस्तिका छापून आली तेव्हा तो ती मिरवत घरी जेवायला आला. सासूबाईंनी चष्मा लावला. "प्रशस्त, हवेशीर," त्यांनी मोठ्याने वाचलं आणि सुनेकडे पाहिलं. "बघ, असे काढतात फोटो."

ती आत गेली आणि आपला फोटो आणून शेजारी ठेवला.

सासूबाई एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिल्या. "ही तीच खोली?"

"तीच."

"आणि हे कोण?"

"तिथे राहतात ते. त्यांना बाहेर बसवून हा लहान मुलाचा पलंग लावला होता, खोली मोठी दिसावी म्हणून."

सासूबाईंनी पुस्तिकेतल्या पलंगावर बोट ठेवलं. "यावर माझे पाय तरी मावतील का रे?"

"आई, तुला कोण पाठवतंय तिथे!" दीर म्हणाला. इतक्या झटकन म्हणाला की तिच्या नवऱ्याचा घास हातातच राहिला.

"मी असं विचारलंच नव्हतं," सासूबाई म्हणाल्या.

सासूबाईंनी पुस्तिका दोन बोटांत, मेलेलं झुरळ धरावं तशी धरली, कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि मोरीवर जाऊन साबण लावून हात धुतले. दीर पान अर्धं सोडून उठला. त्याला थांब म्हणायला कुणी गेलं नाही.

मास्तरांना तिने त्या फोटोची एक प्रत दिली होती. ती त्यांनी मुलीला पाठवली, आणि मुलगी येऊन त्यांना घरी घेऊन गेली. हे तिला बऱ्याच दिवसांनी कळलं. तोपर्यंत त्या खोलीत दुसरे आजोबा आलेही होते. त्यांच्या मुलाने पुस्तिका बघूनच खोली पसंत केली होती.