पुलापलीकडची मुलं

किरगीझस्तानातल्या बातकेनच्या सीमेवर चकमक झाली तेव्हा डॉक्टर झूराने आपली किरगीझ मुलं आणि नदीपलीकडची ताजिक मुलं एकाच वॉर्डात तपासली. रक्त थांबवायला पायाला आवळलेला नवा रबरी पट्टा फार वेळ ठेवला तर पाय जातो, असा लेख तिने लिहिला. मासिकाने नावं-गावं झाकून तपासायला पाठवलेला तो लेख तज्ज्ञांना पसंत पडला.

मग राजधानी बिश्केकच्या त्या वैद्यकीय मासिकाच्या संपादकाने मूळ प्रतीतली गावांची नावं वाचली.

"झूरा एजे," थोरल्या बहिणीला म्हणावं तसं तो म्हणाला, "पलीकडची मुलं तेवढी वगळा. आम्ही शत्रूचं रडगाणं गातोय म्हणतील लोक."

"अहो, पूल बंद होता म्हणून तीच उशिरा पोचली. ती वगळली तर पट्टा निर्धोक ठरेल!"

"मग राहू दे लेख. चहा घ्या, निवतोय."

काहीतरी छापून येऊ दे, म्हणून झूराने ती मुलं वगळायला मान डोलावली.

वसंतात पुन्हा गोळीबार झाला, आणि या वेळी आपल्याच बाजूचा रस्ता तुटला. उशिरा पोचलेल्या मुलीचा पाय काळा पडला होता.

"पट्टा सोडायची घाई नाही केली, एजे," मुलीसोबत आलेली नर्स म्हणाली. "तुमच्याच लेखात वाचलं होतं."

झूराने तिला दोष दिला नाही. पाय कापायची तयारी करायला सांगितलं.