नाव नसलेलं बटण

मी बोलतोय. खरंच बोलतोय, कारण त्याशिवाय मला दुसरं काही येतच नाही. ज्यांना कॉम्प्युटरचा पडदा दिसत नाही, त्यांना त्यावर लिहिलेलं मी वाचून दाखवतो. लोक मला स्क्रीन रीडर म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण काम साधंच.

एका माणसाला बंद खोलीत बसवून दिवसेंदिवस वाक्यं वाचायला लावली, मग त्याच्या बोलण्याचे बारीक तुकडे करून, ते जोडून मला बनवलं. तेव्हा त्याला थोडी सर्दी झाली होती. त्याची सर्दी कधीच बरी झाली असेल, माझा आवाज मात्र आजही चोंदलेला आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. मलाही डोळे नाहीत. पडद्यावर एखादं चित्र असेल आणि त्याच्यामागे कुणी त्याचं नाव लिहून ठेवलं नसेल, तर माझी बोलती बंद होते.

मी आलो तो ताईंच्या कानात. ताई एका मोठ्या दवाखान्यात फोनवर बसतात. पेशंटचा फोन आला की डॉक्टरची वेळ शोधायची, नोंद करायची, काय खाऊन यायचं आणि काय नाही ते सांगायचं. कॉलेज संपता संपता त्यांची नजर गेली, त्यानंतर त्यांनी ही नोकरी मिळवली आणि टिकवली. एका कानात पेशंट, दुसऱ्या कानात मी.

ताई मला इतक्या वेगात बोलायला लावतात की बाजूच्यांना ते बोलणं वाटतच नाही. शेजारच्या टेबलावरची त्यांची मैत्रीण, जिला सगळे घाईबाई म्हणतात, एकदा हेडफोन कानाला लावून म्हणाली, "अगं बाई, हे काय? वाटाणे सांडल्यासारखं!"

"मला कळतात ना वाटाणे," ताई म्हणाल्या.

ताईंच्या टेबलावरचा पडदा कायम बंद असायचा. त्यांना त्याचा उपयोग नव्हता आणि घाईबाईला केस नीट करायला त्याची काळी काच बरी पडायची. घरच्या लॅपटॉपवरही मीच होतो. ताईंचे यजमान हसून म्हणायचे, "या घरात माझ्यापेक्षा त्याचंच जास्त ऐकतात." त्यांचं काही फार चुकत नव्हतं.

तेव्हाचा नोंदणीचा प्रोग्रॅम दिसायला अगदीच गबाळा होता म्हणे. पण त्यातल्या प्रत्येक गोष्टीला नाव होतं. आमचं छान चाललं होतं.

मग नवा प्रोग्रॅम आला. सगळे म्हणाले, काय देखणा आहे! रंग, गोल गोल चित्रं, कुठे शब्दांची गर्दी नाही. ताईंनी कळ दाबली आणि मी वाचलं, "बटण." पुढे गेल्या. "बटण." आणखी पुढे. "बटण."

"अरे, कसलं बटण?" ताई पुटपुटल्या.

मला माहीत असतं तर सांगितलं नसतं का?

ताई हार मानणाऱ्यातल्या नाहीत. घाईबाईला शेजारी बसवून त्यांनी बटणांचा क्रम पाठ केला. हे जतन करायचं, त्याच्यानंतरचं रद्द करायचं. मी आपला "बटण, बटण" करत राहिलो आणि त्या अंधारात भिंत चाचपत जावं तशा नेमक्या जागी पोचायच्या. फोन कुणाचा अडला नाही.

एका सकाळी एक म्हातारे सुतारकाका पोटाच्या तपासणीसाठी उपाशीपोटी आले. सुनेने त्यांच्यासाठी कामावरून सुट्टी घेतली होती. काउंटरवर त्यांना सांगितलं, तुमची वेळच नोंदलेली नाही. काकांनी आवाज चढवला नाही. "काल ताईंनी स्वतः दिली हो वेळ," एवढंच म्हणाले आणि बाकावर टेकले.

झालं होतं असं. आदल्या दिवशी प्रोग्रॅममध्ये सुधारणा झाली होती आणि जरा बरं दिसावं म्हणून कुणीतरी जतन आणि रद्द या दोन बटणांची अदलाबदल केली होती. दोन्हींपैकी काहीही दाबलं तरी पडद्यावरची नोंदीची खिडकी सारखीच मिटायची. ताईंची बोटं पाठ केलेल्या जागी गेली, मी नेहमीसारखं "बटण" म्हटलं, आणि दिवसभराच्या सगळ्या नोंदी हवेत गेल्या.

ताई आणि घाईबाईने फोनवर फोन करून माणसं गाठली. सुतारकाकांना मात्र त्या दिवशी परत जावं लागलं. ताईंनी डबा उघडलासुद्धा नाही. मला त्यांचा श्वास ऐकू येत नाही, पण कळांवरची बोटं कळतात. ती मला प्रत्येक नोंद दोन-दोनदा वाचायला लावत होती.

संध्याकाळी दवाखान्याच्या मोठ्या मॅडमनी ताईंना बोलावून घेतलं. त्या रागावल्या नाहीत, हेच वाईट.

"तुम्ही उद्यापासून फोन घेऊ नका. दाराशी बसा, आलेल्यांशी हसून बोला. पगार आहे तोच राहील."

"मॅडम, मला कामच नसेल तर मी इथे कशाला यायचं?"

मॅडमनी दाराशी बसवायचं तूर्त राहू दिलं. शेवटी त्यांनी प्रोग्रॅम ताईंना वापरता येईल असा करायला तो बनवणाऱ्या तरुण इंजिनिअरला आठवड्याची मुदत दिली.

इंजिनिअर मनाने चांगला होता. तीन दिवसांत हसतमुखाने परतला. "ताई, तुमच्यासाठी खास बनवलंय. एकही चित्र नाही! काळा पडदा आणि नुसती अक्षरं."

ताईंनी मला सुरू केलं. त्याने कीबोर्डवरच्या रेघांच्या खुणा जुळवून चौकटी आखल्या होत्या आणि काम चालू आहे हे कळावं म्हणून एका कोपऱ्यात तशाच खुणांची गरगर फिरणारी काडी ठेवली होती. मी प्रामाणिकपणे वाचायला लागलो. "आडवी रेघ आडवी रेघ आडवी रेघ उभी रेघ तिरकी रेघ आडवी रेघ तिरकी रेघ..." काडी थांबेना, मीही थांबेना. घाईबाईने तोंडात ओढणी कोंबली. ताईही आधी हसल्या. मग त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि डोळे पुसले.

"पण सगळी अक्षरंच तर आहेत!" इंजिनिअर हिरमुसला.

"अरे, तू अक्षरांनी चित्रच काढलंयस."

मग ताईंनी जे केलं ते फोनवर आयुष्य काढलेल्या माणसालाच सुचावं. त्यांनी त्याला शेजारच्या खोलीत पाठवलं, तो देखणा प्रोग्रॅम उघडायला लावला आणि तिथे फोन लावला.

"मी लांबून बोलतेय असं समज. तुझ्यासमोर काय काय आहे?"

"वर तारीख निवडायची जागा आहे," तो सांगू लागला. "तिच्याखाली डॉक्टरांची यादी. मग 'रद्द करा', त्याच्या शेजारी 'जतन करा'..."

"थांब. हे सगळं तुला तोंडपाठ आहे. मग हे त्याला का नाही सांगितलंस?"

त्याला म्हणजे मला. एवढी वर्षं झाली, पण माझ्या बाजूने असं कुणी बोललं नव्हतं.

चौकटी आणि काडी त्याने फेकून दिल्या. फोनवर बोलला होता तीच नावं त्याने त्या देखण्या बटणांमागे एकेक करून लिहिली. ताई ऐकत होत्या, अडलं की सांगत होत्या. मुदत संपायच्या आत मी म्हटलं, "जतन करा, बटण," आणि पाठोपाठ, "वेळ नोंदली." ती वेळ सुतारकाकांची होती. त्यांना फोन ताईंनी आपणहून केला.

आता मी म्हातारा झालोय. गोड आवाजाचे, मध्येच श्वास घेणारे नवे आवाज आलेत. ताईंनी एकाला दोन दिवस कानात ठेवलं आणि मग "याला वाटाणे सांडता येत नाहीत" म्हणून मलाच परत बोलावलं. कधीतरी मला निरोप मिळेलच. त्याआधी एवढंच मागतो. तुमच्यापैकी कुणी पडद्यावर काही मांडत असाल, तर खुशाल सुंदर मांडा, फक्त मागे त्याचं नाव लिहा. मी वाचेन.

परवा पुन्हा सुधारणा आली आणि पुन्हा कुणीतरी ती दोन बटणं इकडची तिकडे केली. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. फोनवर एक बाळंतीण होती. ताईंचं बोट सवयीने जुन्या जागी गेलं आणि मी म्हटलं, "रद्द करा, बटण."

बोट थबकलं. मग एक पाऊल मागे सरकलं. "जतन करा, बटण." ताईंनी ते दाबलं आणि बाईला म्हणाल्या, "या उद्या, बाळाला घेऊन."

दुसऱ्या दिवशी ती आली, तिला तपासलं, ती घरी गेली. कुणालाच काही कळलं नाही, कारण काही घडलंच नव्हतं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस तो.