साधनाचा वकील

त्या रविवारी अप्पा ओसरीवर तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसले होते. वाशिमहून आलेली त्यांची लेक साधनाही त्यांच्यासमोर सोलायला बसली. तेवढ्यात शेजारची कस्तुराबाई तणतणत आली. खेमाच्या बकऱ्यांनी तिच्या मेथीचा फडशा पाडला होता.

"आधी खेमाले बोलाव," अप्पा म्हणाले. "एकाचं आयकून मी बोलत नसतो."

"आमदार होते तवा तं न आयकताच 'काम होऊन जाईन' म्हनत होते!"

"म्हनूनच तं दुसऱ्या खेपेले पडलो," म्हणत अप्पा स्वतःच हसत सुटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत.

अप्पांना सारे रंगराव म्हणत; भेटायला येणारे आपापले रंगराव सांगू लागले. कोणाला वाशिमच्या कोर्टात अशिलासाठी घसा बसेपर्यंत भांडणारा वकील आठवे, कोणाला प्रत्येक लग्नात जेवून जाणारा आमदार. निवडणूक हरल्यावर ते परीक्षा देऊन परजिल्ह्यात न्यायाधीश झाले आणि सुट्टीत गावी, शेलूबाजारला आले तरी कोणाच्या ओट्यावर टेकेनासे झाले. तो रंगराव मात्र कोणालाच नीट सांगता येईना.

साधनाला त्याचंच कुतूहल होतं. सहा वर्षांपूर्वी ती नवऱ्याचं घर सोडून आली, तेव्हा अप्पा सुट्टीवर आलेले होते. त्यांनी तिला पाणी दिलं आणि तिच्यासमोरच जावयाला, हर्षलला फोन लावून त्याचं म्हणणं विचारलं. ती पेला ठेवून आत निघून गेली. सकाळी मात्र म्हणाले, "तू परत जायचं नाही." एका रात्रीत काय बदललं, ते तिने कधी विचारलं नाही.

पाचव्या दिवशी गुलाम नबी आले. बसस्टँडजवळचे शिंपी, अप्पांचे शाळासोबती. तिने त्यांना त्या रात्रीबद्दल विचारलं.

"त्या सांजी माह्या दुकानात आला ना! जज झाल्यावर पहिल्यांदा. शटर अर्धं खाली घेतलं अन् म्हने, नबी, तू साधनाचा वकील हो. मी आयकतो."

"तुम्ही?"

"मी बी तेच म्हनलं. अबे, मी पायजामे शिवतो! तं म्हने, जावयाचं आयकलं, तिचं कोनी मांडलंच नाही. मी मांडलं तं मी बाप. मंग निकाल कोन देईन?"

साधनाला अवचित हसू फुटलं. "मग काय मांडलंत, चाचा?"

"म्हनलं, झग्याचं माप घेताना टाचनी टोचली तरी ही पोरगी हूं करत नव्हती. ती आज घर सोडून आली, तं कायले आली असंन? सांग, जजसाहेब."

"मग?"

"मंग काय. लय वेळ मशीनचं चाक फिरवत बसला. 'मंजूर' म्हनला, अन् गेला."

साधना भिंतीजवळच्या अप्पांच्या रिकाम्या खुर्चीकडे वळली.

"तुम्हीच मांडायचं होतं, अप्पा," ती मोठ्याने म्हणाली. "हरला असतात तरी चाललं असतं मला."