बिशपचं बॉनेट

पैज लागली ती बलबीरच्या तोंडामुळे. डडलीच्या गल्लीत रविवारी सकाळी मर्विन ट्रँटर आपल्या बार्लो बिशपला पिवळ्या फडक्यानं पुसत होता. गाडी त्याच्याच वयाची. बायकोच्या अंगावरून त्यानं इतक्या मायेनं कधी हात फिरवला नसेल. समोर बलबीर आपली नवी विजेची गाडी चार्जिंगला लावून चहा पीत उभा.

"मर्व्या, गंज पुसून काढलास तर गाडीत उरेल काय?"

"तुझ्या त्या फ्रीजपेक्षा बरी! आमचे बाबा दर उन्हाळ्यात असल्याच बिशपमधून आम्हाला वेस्टनला समुद्रावर न्यायचे. एकदाही बंद पडली नाही."

हे वाक्य गल्लीतल्या मांजरांनासुद्धा पाठ होतं. जुन्या गाड्यांच्या क्लबात तर कुणाच्याच बापाची गाडी कधी बंद पडली नव्हती. मग त्या काळी रस्त्याकडेला वाफा सोडत उभ्या असायच्या त्या कुणाच्या, हे विचारायची तिथं पद्धत नव्हती.

"लाव पैज," बलबीर म्हणाला. "इथून वेस्टन. समुद्र दिसायच्या आत बॉनेट उघडलं, तर तू हरलास. सगळ्या गल्लीसमोर माझ्या फ्रीजची पापी घ्यायची आणि ओरडायचं, माझी बिशप बंद पडली!"

"आणि नाही उघडलं, तर तुझी गाडी दोरी बांधून गल्लीभर ओढायची. एकट्यानं."

पापीचं मर्विनला काही नव्हतं. पण बिशप बंद पडली म्हणायचं, म्हणजे मेलेल्या बाबांना चारचौघांत खोटं पाडायचं.

शनिवारी निघाले. बलबीर पंच म्हणून मर्विनशेजारी पुढच्या सीटवर. मागं मर्विनची आई विनी, मांडीवर थर्मास. वेस्टनला तिची बहीण हिल्डा जेवायला वाट बघत होती.

आणि बिशप काय धावली! शिंकली नाही, खोकली नाही. मागं गाड्यांची रांग लागली, लोक हॉर्न मारत होते. मर्विननं ते कौतुकच समजलं. बलबीरचा चेहरा उतरत चालला.

ग्लॉस्टर मागं पडलं तशी आई चुळबुळायला लागली.

"मर्विन, हळू रे."

"आई, चाळिशीनं तर चाललोय."

"असाच चाललास तर जेवणाच्या वेळेला पोचू ना! कलेजी केलीय हिल्डानं. आणि कोबी. काल रात्रीपासून उकळत ठेवला असेल."

मर्विननं वेग कमी केला. "पण आपण मावशीकडे कधी जेवलोच नाही. वेस्टनला गेलं की मासे आणि चिप्स, नाही का?"

"ते फुकट नाही मिळायचे. तुझे बाबा या चढावर थांबायचे, बॉनेट उघडायचे, एक वायर उपसून ठेवायचे. मग रस्त्याकडेच्या बूथवरून हिल्डाला फोन. गाडी बंद पडली, तुम्ही जेवून घ्या!"

"मला तर म्हणायचे, इंजिनाला वारा घालतोय. आपण गवतावर चहा प्यायचो."

"त्या माणसानं मला दिलेलं सगळ्यात मोठं सुख ते."

"म्हणजे गाडी खरंच कधी बंद पडली नाही?"

"कधीच नाही. खोटं बोलायचे ते तुझे बाबा."

मर्विनला हसावं की रडावं कळेना. "मग आताही नुसता फोन करू."

"ती मेली आता व्हिडिओ लावते. उघडं बॉनेट बघितल्याशिवाय सोडायची नाही."

बलबीर खुशीत मागं वळला. "विनीकाकू, आपल्याला काय, आपण पंच!"

"पाहुणा म्हणून तुला दुप्पट वाढणार आहे ती."

बलबीर पांढरा पडला. "मर्व्या, थांबव गाडी. उघड बॉनेट."

"जिंकायला बघतोस!"

"जीव वाचवायला बघतोय!"

मर्विननं आरशात आईकडे पाहिलं. ती थर्मासचं झाकण आधीच फिरवायला लागली होती. त्यानं गाडी गवताला लावली, बॉनेट उघडलं आणि वायर उपसली.

"चहा झकास हं काकू," गवतावर पाय पसरून बलबीर म्हणाला. "पण पैज म्हणजे पैज."

रविवारी गल्ली भरली. क्लबवाले टाय लावून आले होते, मयताला आल्यासारखे. विनीनं फोन उंच धरला होता, त्यात हिल्डा. मर्विननं फ्रीजच्या बॉनेटची पापी घेतली.

"माझी बिशप बंद पडली!"

"मी सांगत नव्हते?" फोनमधून हिल्डा म्हणाली. "त्याच्या बापाचीही अशीच पडायची."

मर्विनचं तोंड उघडलं. विनीनं डोळे वटारले. तोंड मिटलं.

"जरा जोरात," बलबीर म्हणाला. "मागं ऐकू आलं नाही."

मर्विननं छाती भरून श्वास घेतला आणि पुन्हा ओरडला.