सासूबाई नावं ठेवतील

सव्वासात वाजले होते आणि पावणेआठला सासूबाई जेवायला येणार होत्या. दर बुधवारी यायच्या. सतरा वर्षांत आचाऱ्याने बुधवारची अशी वाट कधी पाहिली नव्हती. उलट बुधवार उजाडूच नये असं त्याला वाटायचं. आज मात्र त्याचं सगळं त्यांच्या जिभेवर अडलं होतं, आणि ती जीभ कशी, तर अख्ख्या गल्लीने धसका घेतलेली.

बाई तयार कपड्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासनीस होत्या. शिवून आलेला सदरा हातात घ्यायचा, उलटासुलटा करायचा आणि जिथे टाका चुकला तिथे खडूची फुली मारायची. निवृत्त झाल्या, खडू सुटला, फुल्या मारणं काही सुटलं नाही. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, पण नावं त्या सगळ्यांना ठेवायच्या. लेकीच्या लग्नात जावयाने हौसेने स्वतः केक केला होता. "स्पंज छान आहे," त्या म्हणाल्या होत्या, "भांडी घासायला." जावयाच्या हातच्या पदार्थाला त्यांच्याकडून मिळालेली सर्वांत मोठी पदवी म्हणजे "चालेल", आणि तीही एकदाच, एका ऑम्लेटला.

आता हाच जावई त्यांच्याकडे डोळे लावून बसला होता, कारण त्याच्या स्वतःच्या नाकाने दगा दिला होता.

पाच आठवड्यांपूर्वी साधा ताप आला. तीन दिवसांत उतरला, पण जाताना वास घेऊन गेला आणि वासाच्या मागोमाग चवही गेली. जिभेला गरम कळे, गार कळे, मऊ आणि कडक कळे. बाकी सगळा ओला पुठ्ठा. डॉक्टर म्हणाले, येईल परत, महिन्यात येईल, वर्षात येईल, किंवा... आणि पुढचं त्यांनी खिशाला पेन लावता लावता गिळून टाकलं.

हॉटेलात त्याने कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. जुने पदार्थ हाताच्या सवयीवर रेटले. सूप दोनदा खारट म्हणून परत आलं, तेव्हा नव्या मिठाच्या पाकिटावर खापर फोडलं. पण आता हॉटेल नव्या मालकाने घेतलं होतं. नवा मेनू येणार होता, आणि उद्या सकाळी अकराला मालक स्वतः भटारखान्यात येऊन पेस्टो पास्त्याची, म्हणजे बेसिलच्या हिरव्या वाटणातल्या पास्त्याची, चव घेणार होता. दोन आचारी, दोन ताटल्या. एक राहणार, एक जाणार. नाक गेलेल्या आचाऱ्याला दुसरीकडे कोण उभं करतं? बावीस वर्षं त्याने दुसरं काही केलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याला दुसरं काही येतही नव्हतं.

म्हणून आज घरी रंगीत तालीम. जन्मात कधी मीठ मोजून न घातलेला माणूस चमचे-वाट्या घेऊन बसला होता. बेसिलची पानं तीन मुठी, लसूण दोन पाकळ्या, मीठ पाऊण चमचा, असं सगळं तो एका कागदावर लिहीत होता. आजचा पास्ता जमला की उद्या कागद बघून तसाच करायचा. पण जमला की नाही, हे सांगणार कोण?

बायकोचा उपयोग नव्हता. ताप उतरल्यापासून ती प्रत्येक घासाला "छान झालंय हो" म्हणत होती. लेकीचं नाव घरात खारूताई, कारण बापाने अक्रोड फोडायला घेतले की अर्धे तीच पळवायची. नऊ वर्षांची पोर, खोटं बोलायची नाही. पण गेल्या रविवारी त्याने मुद्दाम सुपात मिठाऐवजी साखर घातली. खारूताईने वाटी तोंडाला लावली, शेवटपर्यंत प्यायली आणि म्हणाली, "मस्त, बाबा!" तेव्हा तो न्हाणीघरात जाऊन नळ सोडून कितीतरी वेळ नुसता उभा राहिला होता.

त्याच रात्री त्याने बायकोला बजावलं. "बुधवारी मी पेस्टो करणार. आईंना यातलं अक्षर कळता कामा नये. कळलं की त्याही छान-छान करतील. मला छान नकोय. मला शिव्या हव्यात."

"माझी आई आणि छान म्हणेल?" बायको म्हणाली. "स्वप्नात." पाच आठवड्यांत पहिल्यांदा दोघं हसले होते.

त्याने कपाटातली मागची बरणी काढली आणि पाव वाटी अक्रोड कोरड्या तव्यावर टाकले. एरवी अक्रोड भाजले गेले हे त्याला पाठमोरा असतानाही कळायचं. आज तो घड्याळाच्या काट्याकडे बघत अक्रोड हलवत होता. खारूताई सवयीने आली, तव्यावरचा एक तुकडा उचलून तोंडात टाकला आणि सरळ मोरीकडे गेली. नळ वाजला. तो मिनिटं मोजण्यात गुंग होता.

मग पानं धुऊन पंच्यात टिपली. लसूण, अक्रोड, पानं, मीठ, वरून ऑलिव्ह तेल, आणि मिक्सर थांबवत थांबवत फिरवला, कारण भांडं तापलं की पानं काळी पडतात. रंग तर फक्कड उतरला. रंग बघायला डोळे होते. पास्ता शिजला की नाही हे सांगायला दात होते. शेवटी किसलेलं चीज घालून त्याने सवयीने चमचा तोंडात घातला आणि काहीतरी कळेल म्हणून डोळे मिटून उभा राहिला. लोण्यासारखं मऊ होतं, बस्स. चमचा त्याने ओट्यावर आपटला.

आवाज ऐकून बायको आत आली. दारातच थबकली, मग जाऊन खिडकी उघडली. "उकडतंय," ती म्हणाली.

"कसं झालंय?"

"दिसतंय छान." त्याच्याकडे न बघताच तिने पदराला हात पुसले. "आई येतच असेल. जिन्यात दिवा नाहीये, मी खाली जाऊन घेऊन येते."

दुसरा मजला चढायला मायलेकींना बराच वेळ लागला. गुडघे, त्याने मनात म्हटलं, आणि पास्ता गार होऊ नये म्हणून पातेल्यावर झाकण ठेवलं.

सासूबाई आल्या, नेहमीसारख्या. पायपुसणं वाकडं आहे म्हणाल्या. दिवा मिणमिणता आहे म्हणाल्या. त्याला इतकं बरं वाटलं की त्याने स्वतः खुर्ची ओढून दिली. सगळ्यांना वाढलं आणि तो त्यांच्या समोरच बसला. स्वतःच्या ताटलीला हातही लावला नाही. उजव्या खिशात कागद होता, पेन होतं. काय वाटेल ते बोलोत. मीठ कमी म्हणोत, लसूण जास्त म्हणोत, बैलाला घाला म्हणोत, तो सगळं उतरवून घेणार होता.

सासूबाईंनी काट्याला पास्ता गुंडाळला, तोंडात घातला. चावता चावता त्यांचा जबडा क्षणभर थांबला. मग त्यांनी घास गिळला, पाण्याचा पेला उचलला आणि अर्धा रिकामा केला.

"काय, आई?" त्याचा हात खिशाकडे गेला. "कसं झालंय?"

"चांगलं झालंय," सासूबाई म्हणाल्या.

त्याला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "काय म्हणालात?"

"चांगलं झालंय म्हटलं. मालक खूश होईल तुमचा."

मालकाचं त्यांना कुणी सांगितलं? त्याने बायकोकडे पाहिलं. ती ताटलीत खाली बघत होती. तेवढ्यात खारूताई रिकामी ताटली घेऊन आतून आली. "संपलं, बाबा! मस्त!"

तो उठला आणि स्वयंपाकघरात गेला. कचऱ्याच्या डब्यात वरती वर्तमानपत्राचा कागद नीट पसरून ठेवला होता. त्याने तो उचलला. खाली खारूताईचा सगळा पास्ता होता, हिरवागार, एक घास कमी.

बायको मागे येऊन उभी होती.

"काय चुकलंय?" त्याने विचारलं. "खरं सांग."

"अक्रोड खवट झालेत हो. कडूजहर लागतंय." ती रडायला लागली. "मी आले तेव्हा सगळं वाटून झालं होतं. तुमचा चेहरा बघितला आणि... हॉटेलात अक्रोड ताजे असतात ना? म्हटलं, आजची रात्र तरी तुम्हाला झोप लागू दे. आईची जीभ म्हणजे तुम्हाला माहीत आहे. तिने एक वाक्य टाकलं असतं तर उद्या तुम्ही गेलाच नसता. म्हणून जिन्यात सगळं सांगितलं तिला."

तिच्यावर ओरडावं असं त्याच्या मनात आलं, पण ओरडायचं कशावर? पाऊण चमचा मीठ बरोबर होतं का? दोन पाकळ्या पुरल्या का? कडूपणाखाली बाकीचं काय होतं? सांगणारं एकच माणूस होतं, आणि तेही आता त्यांच्यातलंच झालं होतं. उद्या अकरा वाजता तो त्या ताटलीसमोर आंधळ्यासारखा उभा राहणार होता. एवढी भीती त्याला तापातही वाटली नव्हती.

तो बाहेर आला. सासूबाई अजून जेवत होत्या. घास, पाणी, घास, पाणी. मान खाली घालून त्यांनी ताटलीचा तळ दिसेपर्यंत सगळं संपवत आणलं होतं.

"आई," तो खुर्चीजवळ खाली बसला. "पाया पडतो तुमच्या. एक तरी नाव ठेवा. मीठ, लसूण, काहीतरी सांगा. तुमच्याशिवाय मला कुणी खरं सांगत नाही हो."

सासूबाईंनी वर पाहिलं. काटा खाली ठेवला. तोंड उघडलं, मिटलं. त्यांनी लेकीकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं, आणि मग पदराने तोंड टिपून रिकामी ताटली पुढे केली.

"चांगलं झालंय म्हटलं ना," त्या म्हणाल्या. "अजून थोडं वाढा, जावईबापू."

सतरा वर्षांत त्यांनी या घरात दुसऱ्यांदा कधी वाढून घेतलं नव्हतं. तो उठला, पातेलं आणलं आणि त्यांना वाढलं.