हनुवटीवरचे तीन पट्टे

या, अशा पुढे सरकून बसा. भिंतीला टेकणाऱ्याला कथा अर्धीच मिळते, असं आमच्या सरोवराकाठच्या किसुमूच्या मंदिरातले कथाकार महाराज म्हणतात, आणि पेटीवर सूर धरून पुन्हा म्हणतात. आज मी तुम्हाला एका बाटलीची, एका शब्दाची आणि एका हनुवटीची गोष्ट सांगते. गोष्ट लग्नघरातली आहे, पण हसायची घाई करू नका.

आमच्या शेजारच्या रमणीकभाईंची मुलगी उज्ज्वला. दुधाचे दात पडत होते तेव्हा तिची आई गेली, आणि तिला वाढवलं वसुफोईने. फोई म्हणजे आत्या. आमच्यात बाळाचं नाव ठेवायचा मान फोईचा. झोळीतलं ते जांभळासारखं बाळ बघून वसुफोईने नाव ठेवलं उज्ज्वला. बायका पदराआड हसल्या. एक तर म्हणाली, ही उज्ज्वला दिवा लावून शोधावी लागेल. वसुफोई म्हणाली की नाव म्हणजे देवाकडे केलेलं मागणं असतं, तो त्याच्या सवडीने देईल.

देवाने उज्ज्वलेला, आमच्या उजीला, पुष्कळ दिलं. डोळे दिले, गळा दिला, भजनात तिने वरचा सूर लावला की म्हातारे डोळे मिटायचे. रंग मात्र वसुफोईचाच दिला. तसाच्या तसा, चिंचेच्या गाभ्याचा, आतून पिवळसर झाक असलेला. दोघी शेजारी बसल्या की एकाच लाकडातून घडवल्यासारख्या दिसत.

वसुफोईचं लग्न झालं नाही. का, ते गावाला माहीत होतं, पण तिच्यासमोर कुणी काढत नसे. तरुणपणी सरोवरापलीकडच्या म्वांझाहून तिला बघायला माणसं आगबोटीने आली होती. आईने तिच्या तोंडाला पांढरी पावडर थापली. किसुमूचं ऊन तुम्हाला सांगायला नको. चहाचा ट्रे घेऊन ती पाहुण्यांसमोर उभी राहिली आणि कपाळावरून घामाचे ओघळ सुटले, पांढऱ्यात काळे. मुलाची बहीण फिसकन हसली. पाहुण्यांनी गाठिया खाल्ले, चहा प्यायला, आणि परतीची आगबोट धरली. त्या दिवसापासून वसुफोईने तोंडाला पाण्याशिवाय काही लावलं नाही.

तुम्हाला वाटेल, अशी बाई उजीच्या तोंडाला काही लावू देणार नाही. मन एवढं सरळ चालत नाही हो. वसुफोईने इतक्या वर्षांत मनाशी एवढंच ठरवलं होतं की आपली पावडर हलकी होती. पावडर चांगली असती, तर आपलंही झालं असतं.

उजीचं मोंबासाचं एक स्थळ 'मुलगी चांगली आहे, पण' या 'पण'वर मोडलं होतं. मग नकुरूचा निलय भेटला. त्याने स्वतःच पसंत केली, घरी सांगितलं, घरच्यांनी होकार दिला. पण लग्नाच्या आदल्या आठवड्यात त्याच्या आईचा, मृदुलाबेनचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, मुलगी जरा उजळ दिसेल एवढं बघा, आमच्या लंडनच्या माणसांनी तिला अजून पाहिलेलं नाही. त्यांनी सहज म्हटलं असेल. वसुफोईने फोन ठेवला. त्या क्षणापासून तिच्या लेखी आगबोट पुन्हा धक्क्याला लागली होती.

आणि तिच्याकडे बाटली होती. अमेरिकेतल्या भाच्याने खास मागवून पाठवलेलं फाउंडेशन. वर इंग्रजीत लिहिलेलं, एशियन त्वचेसाठी. आता बघा, रस्त्यावर लोक आम्हाला मुहिंदी, म्हणजे हिंदुस्थानी, म्हणतात, पण शाळेच्या दाखल्यापासून स्मशानाच्या पाटीपर्यंत आम्ही एशियन. किसुमूत एशियन म्हटलं की आमच्याशिवाय दुसरं कुणी डोळ्यांसमोर येतच नाही. वसुफोईने बाटली देवघरात ठेवली. मिलिसेंटने, नवरी सजवणाऱ्या मुलीने, आधी एकदा लावून बघू म्हणून दोनदा निरोप पाठवला. फोईने सांगितलं, शुभाची वस्तू आहे, लग्नाच्या दिवशीच उघडायची. आणि लावून काय बघायचं? वर आपलंच नाव लिहिलंय.

उजी फोईला काही बोलली नाही. मला बोलली, आदल्या दिवशी, हळद लावताना. म्हणाली, "काकी, निलयने मला उन्हात बघितलंय, घामात बघितलंय, कणीस खाताना बघितलंय. अंतरपाट खाली आल्यावर तिथे दुसरीच कुणी बसलेली असली, तर लग्नातली पहिली नजर तिची होईल. माझी नाही." मी म्हटलं, मग फोईला सांग. ती म्हणाली, कशी सांगू? तिने माझ्यासाठी आयुष्य घातलं, आणि मी तिची एक बाटली नाकारू?

लग्नाच्या सकाळी खोलीत आम्ही चौघीच होतो. उजी आरशासमोर, मिलिसेंट ब्रश घेऊन, वसुफोई पलंगाच्या कडेला, आणि पिना धरून मी. वऱ्हाडाच्या बसेस महाजनवाडीत पोचल्याचा निरोप आला होता. उजीचे मामा बाहेर ओसरीवर येरझारा घालत होते. मुहूर्त टळू द्यायचा नाही, ही त्यांची जबाबदारी.

बाटलीचं सील फोडलं. मिलिसेंटने पहिला हात फिरवला आणि थांबली. फोई म्हणाली, लाव, ओलं आहे म्हणून तसं दिसतंय, वाळलं की बसेल. मिलिसेंटने लावलं. वाळलं. बसलं नाही. उजीच्या तोंडावर चुलीतली राख फुंकल्यासारखा थर आला, वर गुलाबी झाक. खाली हळदीने पिवळी मान, मध्ये रेघ. मी मोबाइलवर फोटो काढला, तर तोंड कंदिलासारखं पेटलेलं आणि भोवती अंधार. मी फोटो कुणाला दाखवला नाही.

फोई म्हणाली, अजून एक थर दे.

मिलिसेंट मान खाली घालून म्हणाली की बाटली चांगली आहे, पण ही तिने आधी पाहिली आहे. बायपासचा रस्ता बांधणाऱ्या कंपनीतल्या चिनी मॅडम पार्टीला जाण्यासाठी तिच्याकडे आल्या होत्या, हीच घेऊन. त्यांच्या तोंडावर ती लोण्यासारखी मुरली होती.

आम्हाला कळायला थोडा वेळ लागला. मग उजी आरशातून फोईकडे बघत हळूच म्हणाली, "फोई, बाटलीवरची एशियन मी नाही गं. ती दुसरी आहे."

भाच्याच्या अमेरिकेत एशियन म्हटलं की चिनी माणसं डोळ्यांसमोर येतात, आम्ही नाही. एरवी आम्ही या गोष्टीवर पोट धरून हसलो असतो. त्या खोलीत कुणी हसलं नाही. कारण तेवढ्यात उजीच्या केसांच्या कडेपासून घामाचा एक थेंब निघाला आणि कपाळावरून भुवईपर्यंत उतरला. राखेत काळी रेघ ओढत.

वसुफोईने ती रेघ बघितली. तिचा चेहरा मी सांगू शकणार नाही. ती उठली, स्वतःच्या पदराने उजीचं तोंड पुसायला लागली, जोरजोराने, जसं काही ते तोंड उजीचं नव्हतंच. मिलिसेंटने तिचा हात धरला नसता तर कातडी सोलली असती.

तोंड पुसलं, पण आता नवी अडचण उभी राहिली. मिलिसेंटच्या पेटीत इथल्या लुओ जमातीच्या मुलींना सजवायचे गडद रंग होते, आणि ही फिकी बाटली होती. ती म्हणाली, दोन्ही मिसळून बघते, पण किती, ते मला डोळ्यांनी जुळवावं लागेल, आणि जुळवू कशाशी? उजीचा चेहरा घासून लाल झालेला. गळा, दंड हळदीने पिवळे. हात कोपरापर्यंत मेंदीने भरलेले. हिचा स्वतःचा रंग बघायला हिच्या अंगावर जागाच उरली नव्हती. मिलिसेंट घाबरली होती, ते तिच्या आवाजात कळत होतं. दारावर मामांची थाप पडली. उजी, बेटा, चला.

उजी स्टुलावरून उठली. फोईसमोर जाऊन खाली बसली आणि तिची हनुवटी दोन बोटांत धरली. मिलिसेंटला म्हणाली, इथे जुळव.

वसुफोई मागे सरली. म्हणाली, माझ्या तोंडाला हात लावायचा नाही. हळू म्हणाली, पण असं म्हणाली की मिलिसेंटचा ब्रश हवेतच राहिला. बाहेर मामांनी पुन्हा थाप दिली, आता जरा मोठी. मला वाटलं, संपलं. आता ही मुलगी एक तर राख लावून जाणार, नाही तर रडक्या लाल तोंडाने.

उजीने हनुवटी सोडली नाही. म्हणाली, "फोई, तू दिलेलं नाव मी जन्मभर मिरवलं. लोक हसले तरी मिरवलं. आज तुझा रंग दे मला."

मामा दाराबाहेर काहीतरी बोलत होते, ते ऐकू येईना. मग वसुफोईने चष्मा काढून माझ्या हातात दिला, डोळे मिटले, आणि तोंड पुढे केलं. त्या आगबोटीनंतर कधीच न सजलेली ती बाई, अगदी नवरीसारखी.

मिलिसेंटने ताटलीत मिसळून हनुवटीच्या कडेला पहिला पट्टा ओढला. तो करडा दिसला. तिने गडद वाढवला. दुसरा पट्टा विटकरीसारखा लाल आला. मग तिने पेटीतलं पिवळसर काहीतरी टोकभर घातलं, ढवळलं, श्वास रोखून तिसरा ओढला. आणि तो पट्टा आमच्या डोळ्यांदेखत नाहीसा झाला.

फोईने आरसा मागितला, चष्मा लावला. मान इकडे केली, तिकडे केली. म्हणाली, "तिसरा कुठे लावलास?"

मिलिसेंट तोवर उजीकडे वळली होती.

मामांनी उजीला मांडवात आणलं तेव्हा मी मृदुलाबेनच्या अगदी मागे बसले होते. माझं लक्ष नवरीकडे नव्हतं, त्यांच्या मानेकडे होतं. गुरुजींनी मंत्र संपवले, अंतरपाट हळूहळू खाली आला. निलयने बघितलं, आणि त्याचे खांदे सैल पडले, जसे घरात शिरल्यावर माणसाचे पडतात. तो असा हसला की उजीला मान खाली घालावी लागली. मृदुलाबेन काही क्षण बघतच राहिल्या. मग वाकून शेजारी बसलेल्या वसुफोईला त्यांनी विचारलं की मेकअपवाली वेळेवर आली नाही का, मुलीच्या तोंडाला काहीच लावलेलं दिसत नाही.

वसुफोईने पदर सारखा केला.

"लावलंय, बेन," ती म्हणाली. "दिसत नाही, एवढंच."

मृदुलाबेन तिच्याकडे वळल्या, आणि तेव्हा त्यांना फोईच्या हनुवटीवरचे उरलेले दोन पट्टे दिसले, एक करडा, एक लाल. घाईत पुसायचे राहून गेले होते. त्यांनी पर्समधून रुमाल काढून पुढे केला. फोईने मानेनेच नको म्हटलं. मृदुलाबेन थोडा वेळ त्या पट्ट्यांकडे, मग उजीच्या चेहऱ्याकडे, मग पुन्हा फोईच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. काय समजल्या, देव जाणे. रुमाल त्यांनी घडी करून ठेवून दिला, आणि लंडनची माणसं जवळ आली तेव्हा त्यांनीच ओळख करून दिली: ही आमची उज्ज्वला, आणि ही तिची फोई, मुलगी हिच्यावरच गेलीय.

लग्नाच्या सगळ्या फोटोंत वसुफोई तशीच आहे, पट्ट्यांसकट.

ज्या सावळ्यासाठी आपण तास तास टाळ वाजवतो, त्याला अजून कुणी पावडर लावलेली मी पाहिली नाही. एवढं बोलून मी थांबते. फक्त एक मागणं आहे. तुमच्या घरी पुढची नवरी आरशासमोर बसेल आणि तिच्या गालाशी बाटली धरून कुणी म्हणेल, जरा उजळच घे, तेव्हा आमच्या वसुफोईची आठवण काढा. डोळे मिटून, हनुवटी पुढे करून बसलेल्या वसुफोईची.