नरक्याची साल

मित्रांनो, नाक मुरडायचे असेल तर आधीच मुरडून घ्या. मी राधानगरीच्या डोंगरउतारावरचा नरक्या, आता बराच जुना झालो आहे. माझ्या फुलांना घाण वास येतो म्हणून माणसांनी या झाडाला हे नाव ठेवले. मला त्याची लाज नाही. त्याच वासावर किडे-माश्या येतात आणि मला फळे धरतात. माणसांच्या नाकासाठी मी कधी फुललोच नाही!

मला पळता येत नाही. म्हणून मी माझ्या सालीत, लाकडात आणि मुळांत एक विष तयार करतो. त्याला कॅम्प्टोथेसिन म्हणतात. जिवंत पेशी एकीच्या दोन होऊ लागल्या की ते त्यांना मध्येच अडवते. ती माझी ढाल आहे.

पुढे शास्त्रज्ञांना कळले, की कर्करोगाच्या बेसुमार वाढणाऱ्या पेशीही या विषाने अडतात. त्यात बदल करून औषधे बनली. माझी स्तुती सुरू झाली आणि स्तुतीच्या पाठोपाठ कोयते आले. चोरांनी माझे भाऊबंद मुळासकट उपटून पोती भरली. मी ललिता कांबळेंच्या बांधावर होतो, म्हणून वाचलो. ललिता सरकारी दवाखान्यात परिचारिका आहेत.

एका सकाळी शेजारच्या चिमणाबाईंचे नवरे, बाळासो, बांधावर आले आणि त्यांनी माझ्या खोडावर कोयता घातला. सालीची लांब पट्टी सोलली गेली. ओरडायला मला तोंड कुठे? पण ठोका ऐकून ललिता धावत आल्या.

"आण्णा, कोयता खाली ठेवा!"

"बाजूला हो, ललिता. चिमणाला आतड्याचा कॅन्सर हाय. ह्याच्या सालीचा काढा दिला की बरा हुतोय, मोबाइलवर आलंय."

"इख हाय ते! जुलाब लागून, रक्त कमी होऊन वैनी हातची जाईल. औषध येगळं, साल येगळी. डॉक्टर रक्त तपासून, मापानं देत्यात."

"दवाखान्यात केस जात्यात, माणूस बी जातंय. मग काय, नुसतं बघत बसू व्हय?"

ललिता माझ्या खोडाला पाठ लावून उभ्या राहिल्या. "झाडाला हात लावू देणार न्हाय आणि वैनीला बी मरू देणार न्हाय. उद्या कोल्हापूरला जायचं. मी येते संगं."

बाळासोंच्या हातातून कोयता गळला. तिथेच बांधावर बसून ते लहान पोरासारखे रडले.

दुसऱ्या दिवशी तिघे गेले. चिमणाबाईंवर उपचार सुरू झाले. त्यांना दिलेल्या औषधांतले एक माझ्याच विषापासून बनले होते. उलट्या झाल्या, केसही गेले. पण गाठ लहान होत गेली. तपासण्या अजून चालू आहेत. परवा त्या डोक्याला पदर गुंडाळून माझ्यापाशी आल्या. "तूच वाचवलंस की रं मला," म्हणाल्या.

नाही, चिमणाबाई! मी फक्त माझ्या जिवासाठी लढलो. तुम्हाला वाचवले ते माणसांच्या अभ्यासाने, आणि माझ्यापुढे आडव्या आलेल्या एका बाईने.

मित्रांनो, मला हळदकुंकू वाहू नका आणि माझा काढाही उकळू नका. मला समजून घ्या, माझी रोपे लावा. बाळासोंनी आपल्या बांधावर लावली आहेत. माझी जखमही कडेने भरून येत आहे. नवी साल धरते आहे, आणि तीही विषारीच असेल.